बाजारपेठेंतील सावधानता

लग्नमंडपांत अंतरपाट धरून भटजी ‘सावधान’ म्हणतात, तेव्हां आपलें लक्ष बहुधा अक्षतांकडे किंवा पंगतीच्या तयारीकडे असतें. तो शब्द खरोखर ऐकला एकट्या जांबेच्या नारायणानें, आणि ऐकतांच तो मंडपांतून पळून गेला, ही समर्थ रामदासांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. कथेची ऐतिहासिक शहानिशा बाजूस ठेवूं. तिनें आपल्या मनांत रुजविलेला समज मात्र विचार करण्याजोगा आहे. सावध होणें म्हणजे मंडप सोडणें, घर सोडणें, नदीच्या पाण्यांत उभें राहणें. ज्याला घरीं जाऊन भाजी निवडावयाची आहे, उद्यां कचेरींत खतावणी पुरी करावयाची आहे, त्याच्यापुरता तो शब्द मंगलाष्टकांचें पालुपद, एवढेंच.

बौद्ध परंपरेंत या सावधानतेस ‘सति’ म्हणतात; संस्कृत ‘स्मृति’चेंच तें पालि रूप. आज ‘माइंडफुलनेस’ या नांवानें जें जगभर गाजतें आहे, त्याचें मूळ हेंच. सिलोनांत न्यायाधिकारी म्हणून राहिलेल्या ऱ्हिस डेव्हिड्स यांनीं १८८१ च्या आपल्या भाषांतरांत ‘सति’साठीं तो इंग्रजी शब्द योजिला. या साधनेचा मुख्य आधार सतिपट्ठान सुत्त. आणि हा उपदेश बुद्धानें कोठें केला, हें सुत्ताच्या आरंभींच नोंदलें आहे: कुरुदेशांत, म्हणजे आजच्या दिल्लीच्या आसपासच्या मुलखांत, कम्मासधम्म नांवाच्या निगमांत. निगम म्हणजे पेठ, व्यापारी गांव. उपदेश भिक्षूंना आहे, आणि बैठकीसाठीं अरण्य, वृक्षमूल किंवा ओस घर यांची शिफारसहि त्यांत आहे, हें मान्य. पण जातां-येतां, वळून पाहतां, चीवर पांघरतां, खातां-पितां, बोलतां आणि गप्प राहतांहि आपण काय करीत आहों याचें भान असावें, हेंहि त्यांतच आहे. मलमूत्रविसर्जनाचा स्पष्ट उल्लेख करण्यास सुत्तकार संकोचलेले नाहींत. आमच्या सोंवळ्या अभिरुचीला तें खटकेल. परंतु कोणतीहि जागा यांतून वगळलेली नाहीं, हें सांगण्याची याहून सोपी रीत मला दिसत नाहीं.

पांचव्या शतकांत सिलोनांत बुद्धघोषानें या सुत्तावर भाष्य लिहिलें, तेव्हां त्यानें कुरुदेशाचें मोठें गंमतीदार चित्र रेखाटलें. तेथें दासदासी आणि मोलकरीसुद्धां सतिपट्ठानाच्याच गोष्टी बोलत. पाणवठ्यावर, सूत कातण्याच्या जागीं बायकांत रिकाम्या गप्पा नसत. एखादीस विचारावें, ‘तूं कोणतें सतिपट्ठान करितेस?’ आणि ती ‘कोणतेंच नाहीं’ म्हणाली, कीं तिची कानउघाडणी होई. इतकेंच नव्हे, भिक्षुणींच्या मठांत एक पोपट होता. त्याला ‘हाड, हाड’ एवढेंच चिंतन शिकविलेलें. एके सकाळीं ससाण्यानें त्याला उचललें. श्रामणेरींनीं आरडाओरड करून त्याला सोडविलें आणि विचारिलें, ‘त्या वेळीं तुझ्या मनांत काय होतें?’ तो म्हणाला, एक हाडांचा ढीग दुसऱ्या हाडांच्या ढिगाला नेत आहे, आणि तो कोठें तरी विखुरणार, एवढेंच.

हा अर्थात् पुरावा नव्हे. बुद्धानंतर सुमारें हजार वर्षांनीं, दूरच्या बेटावर बसून लिहिलेलें तें एक स्वप्न आहे. प्रत्यक्षांत शतकानुशतकें ध्यान हें थोड्या भिक्षूंचें काम राहिलें. गृहस्थानें अन्न द्यावें, वस्त्र द्यावें, पुण्य जोडावें. मग पाणवठ्यावरची ही साधना गृहस्थाच्या हातीं आली तरी केव्हां? त्याचा शोध घेऊं जातां आपण अनपेक्षितपणें रत्नागिरीच्या दारांत येतों.

नोव्हेंबर १८८५ मध्यें इंग्रजांनीं मंडाले घेतलें आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला बैलगाडींतून नदीकांठीं नेऊन आगबोटीवर चढविलें. १८८६ पासून १९१६ मध्यें मरेपर्यंत तो रत्नागिरीस नजरकैदेंत होता. आपल्याकडे थिबा आठवतो तो त्याच्या वाड्यामुळें आणि त्याच्या कर्जांमुळें. ब्रह्मदेशांत मात्र त्याच्या जाण्यानें धर्माचा पाठीराखाच गेला. संघप्रमुखाची नेमणूक राजानें करावयाची. राजाच नाहीं तर संघाला शिस्त कोण लावणार, आणि बुद्धशासन लवकर लयास गेलें तर? या भीतीला लेडी सयाडो (१८४६–१९२३) या विद्वान् भिक्षूनें जें उत्तर दिलें, तें क्रांतिकारक होतें. शासन राखावयाचें तें आतां सामान्यांनीं. त्यांनीं अभिधर्मासारखा कठिण विषय सोप्या बर्मी पद्यांत आणिला, गांवोगांव व्याख्यानें दिलीं, आणि विपश्यना संसारी माणसासहि साध्य आहे असें सांगितलें. रत्नागिरीचा कैदी आणि हा प्रचारक यांच्यांतील धागा आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत कोणी दाखवीत नाहीं, याचें मला नवल वाटतें.

लेडींच्या परंपरेंतील सया थेटजी हे रंगूनच्या नदीपलीकडील एक शेतकरी. पटकीच्या साथींत मुलें दगावल्यावर ते या मार्गाकडे वळले. त्यांच्याकडे १९३७ च्या जानेवारींत दहा दिवसांची रजा काढून आला एक हिशेबनीस: ऊ बा खिन. १८९९ मध्यें रंगूनच्या कष्टकरी वस्तींत जन्मलेला, पैशांअभावीं शिक्षण सोडून अकाउंटंट जनरलच्या कचेरींत कारकून झालेला. त्या काळचें रंगून निम्म्याहून अधिक हिंदी लोकांचें होतें. ज्या शहरांत ही साधना कचेरींत शिरली, तें मुंबई-कलकत्त्याचेंच भावंड होतें म्हणा ना. १९४१ मध्यें रेल्वेच्या हिशेबखात्याच्या कामानें फिरतीवर असतां त्यांची वेबू सयाडोंशीं गांठ पडली. त्यांनीं सांगितलें, तूं शिकीव. ऊ बा खिन यांनीं तेथल्या स्टेशनवरील एका अधिकाऱ्याला पहिले धडे दिले, ते फलाटाशीं उभ्या असलेल्या डब्यांत. ४ जानेवारी १९४८ ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, त्याच दिवशीं ते त्याचे पहिले अकाउंटंट जनरल झाले. १९५० मध्यें त्यांनीं कचेरींतच विपश्यनेची संस्था काढिली. साधक बहुतेक त्याच कचेरींतले नोकर. त्यांच्या शिकवणींत शील पहिलें, मग समाधि, मग प्रज्ञा. ज्या खात्यांतून साऱ्या सरकारचा पैसा तपासला जातो, तेथें ‘शील’ हा शब्द पुराणांतला राहत नाहीं. तो खतावणीच्या पानावर येऊन बसतो.

याच शिक्षकाकडे १९५५ मध्यें मंडालेस जन्मलेले मारवाडी व्यापारी सत्यनारायण गोयंका अर्धशिशीला कंटाळून आले, आणि १९६९ मध्यें हिंदुस्थानांत येऊन त्यांनीं पहिलें शिबिर मुंबईंत घेतलें. इगतपुरीचें केंद्र १९७६ चें. त्यापूर्वीं धर्मानंद कोसंबींनीं ‘समाधिमार्ग’ लिहून या विषयाची ओळख मराठींत करून दिलीच होती. पण पुस्तक वेगळें आणि बैठक वेगळी. दुसरी शाखा महासी सयाडोंची, १९४९ पासून रंगूनची. तिच्यांतून युरोप-अमेरिकेंत बरेंच पोंचलें, आणि १९७९ मध्यें मॅसॅच्युसेट्सच्या एका रुग्णालयांत जॉन काबाट-झिन यांनीं तें दुखणेकऱ्यांसाठीं धर्मनिरपेक्ष रूपांत मांडिलें. दीर्घ वेदनेनें गांजलेल्या माणसाला आराम पडत असेल, तर त्यास नांवें ठेवण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु पुढें जेव्हां मोठमोठ्या कंपन्यांनीं नोकरांची कार्यक्षमता वाढविण्यासाठीं तेंच पत्करिलें, तेव्हां शील गळालें आणि केवळ सावधपण उरलें. चोरहि सावध असतो, आणि बोक्याइतकें एकाग्र तर कोणीच नसतें.

उलट, दहा दिवस मौन पाळून परत आलेल्या स्नेह्यांपैकीं कित्येकांचें मन पुन्हां डोंगराकडेच ओढ घेतें, हेंहि मीं पाहिलें आहे. म्हणजे फिरून तोच नारायण आणि तोच मंडप! म्हणून एकदां मीं सकाळच्या लोकलमध्यें कुरुदेशांतल्या पोपटाचा प्रयोग करून पाहिला. दादरला गर्दीचा लोंढा आंत आला. एका गृहस्थाचें कोंपर माझ्या बरगडींत रुतलें. हाडांचा ढीग हाडांच्या ढिगाला ढकलीत आहे, असें मीं मनाशीं म्हटलें, आणि खरेंच, घाटकोपरपर्यंत राग आला नाहीं. मग त्या गृहस्थानें माझ्या पायावर पाय दिला.