आल्यागेल्यांचं शहागंज

आमच्या आजीच्या लेखी शहागंजाचा इतिहास म्हणजे कोण कुठून आलं आणि त्यांच्या घरी काय शिजायचं, एवढाच. सनावळ्या मी मागाहून लावल्या.

तिच्या गोष्टीत आधी यायचा मलिक अंबर. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस; त्यानं १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचं आमचं औरंगाबाद, वसवली, नहरीनं गावाला पाणी पाजलं. त्याच्याही कितीतरी आधी, १३२७ च्या सुमारास, तुघलकानं दिल्लीकर दौलताबादेत आणले. मटणाचा नान-खलिया त्याच्याच लष्कराबरोबर आला म्हणतात. खरंखोटं भटारी जाणे! आजी माळकरी, पण भट्टीतून पिवळे नान निघाले की म्हणायची, "मेल्याचा वास मात्र बरा येतो."

रंगायची ती सिंध्यांवर. १९४७ ला फाळणी झाली, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली, आणि त्याच्या आगंमागं कधीतरी सिंधी कुटुंबं गावात आली. पाठीवर कापडाचं गाठोडं, मग हातगाडी, मग शहागंजात दुकान, असा आजीचा क्रम. त्यांतल्याच एक अम्मा आमच्या शेजारी राहायला आल्या. शिकारपूरच्या, असं आजी म्हणे. आई सक्कर सांगते.

आजी पहिल्यांदा त्यांच्याकडं गेली तेव्हा अम्मांनी भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला पुढं ठेवला. सिंध्यांत आल्यागेल्याला पापड-पाणी, आपल्यात गूळ-पाणी. पण आजीला काय ठाऊक? पापड आला म्हणजे पाठोपाठ ताट येणार, म्हणून ती बसूनच राहिली! शेवटी अम्मांनीच ओळखलं आणि कढी-भात वाढला. पुढं उन्हाळ्यात अम्मांचे मिरे घातलेले उडदाचे पापड आणि आजीच्या बाजरीच्या खारोड्या एकाच गच्चीवर वाळायच्या. राखणीला आम्ही पोरं; कावळ्यांपेक्षा आम्हीच जास्त खायचो.

दोघीही आता नाहीत. मध्यंतरी अम्मांचा नातू दुकानातून थेट आमच्या घरी आला. त्याच्या घरी अम्मांच्या कढीची कृती कुणी लिहून ठेवली नव्हती. आईनं सांगितली: बेसन तेलात खमंग भाजायचं, चिंचेचा कोळ, गवार, भेंडी, शेवग्याच्या शेंगा. पोरगं मोबाइलमध्ये उतरवून घेत होतं. सगळं सांगून झाल्यावर आई म्हणाली, "आम्ही गुळाचा खडा टाकतो. तू टाकू नको बाबा, अम्मा रागवायच्या."