राजाची मेबॅक वाचली, डॉक्टरांच्या फियाटचं काय?

गेल्या महिन्याभरात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. तिघांच्या घरी वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. एकाची शेडमध्ये, एकाची वाड्याच्या दारात ताडपत्रीखाली, तिसऱ्याची अजून चालू, दर रविवारी मार्केट यार्डापर्यंत चक्कर मारणारी. प्रश्न असा : "दादा, पासिंगला आता दहा हजार म्हणतायत. ठेवू का भंगारात काढू?"

बातमीदाराला लोक असले प्रश्न विचारतात, कारण आरटीओत कोण काय सांगेल याचा भरवसा नसतो. तिघांनाही फोनवर थोडक्यात सांगितलं. पण ही गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट. वाचायला वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, रात्री जेवण झाल्यावर वाचा.

आपल्या इंदापूर-बारामती पट्ट्यात वालचंदनगर म्हटलं की साखर कारखाना आणि मोठमोठी यंत्रं आठवतात. त्याच वालचंद हिराचंद यांनी फियाटचा कारखाना काढला, हे नव्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. जन्म सोलापूरचा, १८८२ चा. रेल्वेची कंत्राटं घेता घेता माणूस जहाजात शिरला. ५ एप्रिल १९१९ ला सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघाली. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो त्यासाठीच.

मोटारीचं वेड मात्र वालचंदांच्या एकट्याचं नव्हतं. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९३० च्या दशकात मुंबई इलाख्यात मोटारीचा कारखाना व्हावा म्हणून योजना घेऊन फिरत होते. युरोप-अमेरिकेतले कारखाने बघून आले होते. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने पाठिंब्याची तयारी दाखवली. पण १९३९ ला युद्ध सुरू झालं, काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि दिल्लीच्या इंग्रज सरकारला हिंदी माणसाने मोटार बनवावी यात काडीचा रस नव्हता. तेव्हा देशात मोटारी जुळवल्या जात नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून शिवडीत होता. सुटे भाग पेटाऱ्यांतून यायचे, इथे नटबोल्ट आवळून गाडी बाहेर. नफा बाहेर, ज्ञानही बाहेर.

वालचंद अमेरिकेला गेले. फोर्ड आणि जनरल मोटर्सशी जमलं नाही, शेवटी क्रायसलर तयार झाली. याच धावपळीत प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली नावाच्या विमान-व्यावसायिकाशी पडली आणि त्या ओळखीतून १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. आजची एचएएल ती हीच. म्हणजे मोटारीचा कारखाना काढायला निघालेल्या सोलापूरच्या माणसाच्या हातून आधी विमानांचा कारखाना झाला! मोटारीचा व्हायला मात्र वेळ लागला. प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली १९४४ ला आणि कुर्ल्याहून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या १९४७ ला. त्या क्रायसलरच्या घराण्यातल्या होत्या, डॉज, प्लिमथ, डिसोटो. जुन्या ड्रायव्हर लोकांना फार्गोचे ट्रक आठवत असतील, तेही तिथलेच.

इटलीच्या फियाटशी हात मिळवला तो १९५० च्या सुमारास. आधी छोटी फियाट ५०० आली. १९५३ ला वालचंद गेले, पुढचा कारभार धाकटे बंधू लालचंद आणि घरच्यांनी पाहिला. त्याच सुमारास सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून ठरवलं की ज्यांना इथे खरोखर मोटार बनवायची आहे त्यांनीच राहावं, नुसती जुळणी करणाऱ्यांनी जावं. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. राहिले मुख्यतः तीन, कलकत्त्याचे बिर्ला, मद्रासची स्टँडर्ड आणि आपली प्रीमियर.

मग आली फियाट ११००. गोल नाक, फुगीर अंग. मुंबई-पुण्यात लोकांनी तिचं बारसं करून टाकलं, 'डुक्कर फियाट'. हे नाव प्रेमाचं आहे. आजही जुन्या गाड्यांचा शौकीन "माझ्याकडे डुक्कर आहे" असं छाती फुगवून सांगतो. हिची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागरी मागच्या बाजूला. साडी नेसलेल्या बाईला उतरायला सोपं, पण चालत्या गाडीत कडी निसटली तर वाऱ्याने दार सताड. १९६४ मध्ये १,०८९ सीसी इंजिनाचं नवं मॉडेल आलं, ११०० डिलाइट. फियाटशी करार संपल्यावर हीच गाडी काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट म्हणून विकली गेली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावाने पद्मिनी झाली. आपल्याकडे कुणी पद्मिनी म्हणालं नाही. शेवटपर्यंत फियाटच.

१९६४ च्या फियाटची एक हकीकत शास्त्रीजींच्या घरच्यांनी अनेकदा सांगितली आहे. पंतप्रधान झाल्यावर मुलांनी हट्ट धरला, आपली गाडी हवी. किंमत १२,००० रुपये. बँकेत निघाले ७,०००. शास्त्रीजींनी पंजाब नॅशनल बँकेतून ५,००० चं कर्ज काढलं. ते फिटायच्या आत ताश्कंदला त्यांचं निधन झालं आणि ललिताबाईंनी पेन्शनमधून कर्ज फेडलं. ती गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात ठेवली आहे. आजचे ताफे मोजताना मला ही गाडी हमखास आठवते. असो, तो वेगळा विषय.

त्या काळात पैसे असले तरी गाडी मिळायची नाही. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. सरकारी कोटा वेगळा. किंमत सरकार ठरवणार आणि त्यावर भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं. ज्याचा नंबर लागला तो पठ्ठ्या गाडी घरी न आणता परस्पर ऑनने विकायचा. तालुक्याच्या गावात त्या काळी गाडीवरून माणूस कळायचा. चेअरमन आणि पुढारी अँबेसेडरमध्ये, डॉक्टर आणि वकील फियाटमध्ये. बाळंतपणासाठी रात्री-बेरात्री कितीतरी बायका डॉक्टरांच्या फियाटमधून दवाखान्यात गेल्या आहेत, हे तुमच्या-माझ्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पुढे सोफ्यासारखी सलग सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. त्यामुळे पुढे तिघं आणि एक पोर आरामात. मागे किती, ते मोजायचं नाही.

उन्हाळ्यात घाट चढताना ती रुसायची. इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप वाफ ओढत बसायचा. मग बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि झाडाखाली चहा प्यायचा. पंधरा-वीस मिनिटांनी बाई पुन्हा तयार.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली आणि फियाटचा माज उतरला. खरं म्हणजे माज कंपनीचा होता. गिऱ्हाईक रांगेत उभं आहे म्हटल्यावर गाडी सुधारायची कशाला? तीन कंपन्यांनी तीस वर्षं तोच साचा फिरवला. संपही झाले, डॉ. दत्ता सामंतांच्या आंदोलनात प्रीमियरचं नाव मोठं होतं. पण सगळं खापर कामगारांवर फोडणाऱ्यांशी मी सहमत नाही. साचा बदलायचा निर्णय कामगाराच्या हातात नसतो. २००० च्या आसपास उत्पादन थांबलं. कुर्ल्याच्या त्या जागेवर आज कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वयाची अट वीस वर्षं, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. निदान एक तरी गाडी जपून ठेवा, अशी मागणी टॅक्सीमेन्स युनियनने सरकारकडे केली होती. तिचं काही झालं नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात असेल तर व्हिंटेज. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदणाऱ्याला 'व्हीए' मालिकेतला नंबर. अशी गाडी रोज चालवायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यासाठीच रस्त्यावर. नियम चांगले आहेत, आधी तर काहीच नव्हतं.

पण दुसरा कागद बघा. पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीची नोंदणी नूतनीकरण फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० केली. दर पाच वर्षांनी. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. हेतू समजतो, जुन्या गाड्यांनी लोकांनी रोज धूर करत फिरू नये.

यात अडकली ती पद्मिनी. १९८५ ची गाडी २०३५ ला व्हिंटेज होणार. तोवर ती कायद्याच्या लेखी फक्त जुनी, भंगाराच्या रांगेतली. कारखान्यातून निघालेली शेवटची पद्मिनी व्हिंटेज व्हायला २०५० उजाडेल. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना, फिव्हा, ३० वर्षं पुरेशी मानते. आपल्याकडे २० ते ५० च्या मधल्या गाडीला नाव नाही. कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा लोक हात जोडतात, मीही जोडतो. अहमदाबादला, कोइमतूरला जुन्या मोटारींची संग्रहालयं आहेत. राजांच्या गाड्या वाचल्या कारण सांभाळायला वाडे होते, माणसं होती. मध्यमवर्गाची पहिली गाडी दारात उभी आहे, आणि तिथे पाऊस आहे.

पावसाचं म्हणतो त्याला कारण आहे. फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे खालची फ्लोअर आणि दारांखालचे पट्टे गंजले की गाडीचा कणाच जातो. वरून रंग मारून चकचकीत केलेली गाडी घेऊन फसलेले लोक मला माहीत आहेत. आपल्याकडचा एक जुना मिस्त्री गाडी बघायला गेला की आधी पायातली मॅट उचलतो आणि स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघतो. रंगाकडे तो बघतच नाही. इंजिनाचं काम सोपं, त्याचे भाग अजून मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, पुण्याच्या जुन्या बाजारात शोधलं तर कार्ब्युरेटरपासून दाराच्या हँडलपर्यंत सापडतं. टिनकाम करणारे हात मात्र कमी होत चाललेत. पत्रा हातोडीने ठोकून गोलाई काढणारा माणूस नव्या गॅरेजात नाही, तिथे अख्खा दरवाजा बदलतात.

आणखी एक गोची. व्हिंटेजला चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल चालत नाही. आपल्याकडे पेट्रोल परवडेना म्हणून कितीतरी फियाटींत डिझेल इंजिन बसवलं, कुणी गॅसचं किट लावलं. गाडी जिवंत राहिली ती त्या जुगाडामुळे, आणि त्याच जुगाडामुळे ती उद्या 'मूळ स्वरूपात नाही' ठरेल. जुनं इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात पडलं असेल तर भंगारवाल्याला देऊ नका.

माझं म्हणणं दिल्लीतल्या आणि मुंबईतल्या दोन्ही सरकारांना आहे. तीस वर्षांवरच्या, वर्षाकाठी थोडंच चालणाऱ्या गाडीसाठी मधला एक वर्ग करा. चालवायचे किलोमीटर बांधून द्या, पीयूसी कडक ठेवा, पण फी माफक ठेवा. यात प्रदूषणाचा फार प्रश्न नाही, रविवारी यार्डापर्यंत जाणारी गाडी किती धूर करणार? आणि एक पद्मिनी, एक डुक्कर फियाट वालचंदनगरला लोकांना बघता येईल अशी ठेवा. जागा आहे, नावही त्यांचंच आहे.

त्या तिघांना मी काय सांगितलं? ज्याची गाडी चालू आहे त्याला : दहा हजार भर, इन्शुरन्स तुटू देऊ नकोस. शेडमधल्याला : आधी मिस्त्रीला नेऊन फ्लोअर दाखव, मग ठरव. ताडपत्रीवाल्याचं अवघड आहे. वडील जाऊन अकरा वर्षं झाली, आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर, भावाभावांत वाटणी बाकी. त्याला म्हटलं, गाडीचं राहू दे, आधी वारसाचे कागद करून नाव लावून घे. नाव लागल्याशिवाय नूतनीकरण नाही, व्हिंटेज नाही, आणि रीतसर भंगारातही काढता येत नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं आरटीओत जाणार आहोत. तिथे काय कागद मागतात ते इथेच टाकतो.