नौकेची प्रतिकृती आणि कालनिश्चिती

नौकेची प्रमाणबद्ध प्रतिकृती पुरावा म्हणून स्वीकारण्यापूर्वी ती कोणत्या वर्षाची स्थिती दाखविते, हे निश्चित करणे अगत्याचे आहे. ब्रिटिश आरमाराची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची बांधली व १८१७ मध्ये ती पाण्यात उतरली. पुढे १८४५-४७ मध्ये तिची चौकोनी पिछाडी लंबवर्तुळाकार करण्यात आली आणि तोफा २६ वर आणल्या गेल्या. उत्तर ध्रुवप्रदेशात बेपत्ता झालेल्या फ्रँकलिनच्या शोधार्थ ठेवलेल्या ‘प्लोव्हर’ला रसद देण्यास १८५४ मध्ये बेरिंग सामुद्रधुनीकडे गेली, ती ही पालटलेली नौका. सबब मूळ आराखड्यावरून केलेली प्रतिकृती वाडियांच्या कौशल्याची साक्ष देते, ध्रुवीय सफरीची नव्हे. मूळ नौका इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन केलेली असल्याने हा ताळा आजही पाहता येतो.