कुबट वैरण आणि संध्याकाळची कणकण



पावसाळ्यात माळ्यावरची वैरण खाली ओढली की पांढरट धुरळा उडतो. कुबट वास येतो, ठसका लागतो. आपण तोंडाला पदर लावतो आणि काम उरकतो. पण हा धुरळा म्हणजे नुसती माती नाही. हे कळायला माणसाला फार वर्षं लागली. तीच हकिकत आज आम्ही सांगणार आहोत.

इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे वैद्य होते. त्यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. धान्य चाळणाऱ्यांना खोकला आणि धाप लागते, हे त्यांनी नोंदवलं. त्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे जीव असावेत, अशी शंकाही त्यांना आली. आजारी माणसाला 'काम काय करता?' हे जरूर विचारा, असं ते वैद्यांना सांगत.

पुढे १९३२ साली इंग्लंडमध्ये डॉ. कॅम्पबेल यांनी बुरसलेलं गवत हाताळून आजारी पडलेल्या शेतमजुरांची माहिती छापली. या आजाराला 'शेतकऱ्याचं फुप्फुस' असं नाव पडलं. खरं कारण मात्र १९६३ साली जॅक पेपिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. ओलसर गवत रचून ठेवलं की गंजी आतून तापते. त्या उबेत बुरशीसोबत काही खास जिवाणू वाढतात. त्यांचे बारीक कण श्वासातून आत गेले, की काहींच्या फुप्फुसांना सूज येते.

हे इतकी वर्षं लक्षात का आलं नाही? कारण त्रास लगेच होत नाही. चार ते आठ तासांनी थंडी वाजते, ताप येतो, धाप लागते. वैरण सकाळी काढलेली, कणकण संध्याकाळी. मग दोष हवेला! असं वारंवार होत राहिलं, तर फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात.

मैत्रिणींनो, गोठा झाडणं, वैरण काढणं, धान्य पाखडणं ही कामं बहुतेक आपल्याच वाट्याला येतात. दवाखान्यातल्या कागदावर मात्र नुसतं 'गृहिणी' लिहिलं जातं. तेव्हा कडबा वाळवूनच रचा, वैरण काढताना दारं-खिडक्या उघडा. बारीक कण पदराने अडत नाहीत. आणि खोकला, धाप हटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. त्यांनी विचारलं नाही, तरी आपलं काम आपणच सांगा.