वजनाच्या ऑपरेशनचा निर्णय : खान्देशातल्या कुटुंबांनी आधी काय ठरवावं?

जळगाव-धुळ्याकडून आमच्याकडे आरोग्याविषयी जे प्रश्न येतात, त्यांत एक प्रश्न आता वारंवार दिसतो : वजन काही केल्या उतरत नाही, शुगर वाढलीय, गुडघे गेलेत, मुंबईला जाऊन ऑपरेशन करून घ्यावं का? ज्याला गरज आहे त्याच्यासाठी हा इलाज खरोखर उपयोगी आहे. पण निर्णय एका दिवसाच्या ऑपरेशनचा नसतो, त्यानंतरच्या सगळ्या आयुष्याचा असतो. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

लठ्ठपणा म्हणजे आळस नव्हे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के महिला आणि २२.९ टक्के पुरुष जास्त वजनाचे आढळले. बैठं काम, तळण आणि दावतीतलं खाणं याला कारण आहेच. पण अनुवंश, थायरॉइड, पीसीओडी आणि काही औषधंही वजन वाढवतात. शिवाय कमी खाऊन वजन उतरवलं की शरीर भूक वाढवतं आणि ते वजन परत आणू पाहतं. त्यामुळे 'तोंडाला आवर घाल' एवढं सांगून भागत नाही. घरच्यांच्या टोमण्यांनी कुणाचं वजन उतरलेलं नाही.

ऑपरेशन कुणासाठी?

किलोमधलं वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. उंची १.६० मीटर आणि वजन ९६ किलो असेल तर बीएमआय ३७.५ येतो. भारतात बरीच वर्षं ३७.५ च्या वर, किंवा शुगर, बीपी, झोपेत श्वास अडकणं असे आजार सोबत असतील तर ३२.५ च्या वर ऑपरेशनचा विचार होत आला. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ही मर्यादा आणखी खाली आणली.

विमा कंपन्यांचं गणित मात्र वेगळं आहे. विमा नियामकाच्या नियमात बीएमआय ४०, किंवा अनियंत्रित टाइप-२ मधुमेह, हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया असे आजार असतील तर ३५ ही अट आहे. वय १८ च्या वर हवं आणि आधीचे साधे उपाय फसलेले असावेत. म्हणजे डॉक्टर 'हो' म्हणतील आणि विमा 'नाही' म्हणेल, असं होऊ शकतं. खर्च काही लाखांत जातो. दागिने मोडण्याआधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

नेमकं काय करतात?

'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढतात आणि केळ्यासारखी अरुंद पिशवी उरते. 'बायपास'मध्ये जठराची लहान पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्ही दुर्बिणीतून होतात. भूक कमी होते, शुगर सुधारते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासात ऑपरेशन केलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं.

धोकेही आहेत : टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गुठळी, पुढे जीवनसत्त्वांची कमतरता, केस गळणं, पित्ताशयाचे खडे. पथ्य सुटलं तर वजन पुन्हा चढू शकतं. २०२५ पासून मौंजारो, वेगोव्ही ही इंजेक्शनंही भारतात मिळू लागली आहेत. ती बंद केली की वजन बऱ्याचदा परत येतं, तरी ऑपरेशनआधी त्यांच्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

दोन गाजलेली उदाहरणं

नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत असं ऑपरेशन करून घेतलं आणि त्यानंतरही सार्वजनिक जीवनात काम सुरू ठेवलं. दुसरं उदाहरण इजिप्तच्या इमान अब्द अल-आती यांचं. सुमारे ५०० किलो वजनाच्या इमान यांना फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आणलं गेलं. मार्चमध्ये स्लीव्ह ऑपरेशन झालं, वजन बरंच उतरलं. मेमध्ये त्या पुढील उपचारांसाठी अबुधाबीला गेल्या आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी त्यांचं निधन झालं. तिथल्या रुग्णालयाने हृदय आणि मूत्रपिंडाच्या आजारांचं कारण दिलं. जुने आजार खोलवर गेलेले असतील तर वजन उतरूनही धोका टळत नाही. फार उशीर करू नये, हेच यातून दिसतं.

रोजा, औषधं आणि लग्न

नव्या जठरात एका वेळी घोट-दोन घोट पाणीच मावतं. इफ्तार ते सहरीच्या वेळेत दिवसभराचं पाणी भरून काढणं सुरुवातीला कठीण जातं. त्यामुळे साधारण पहिलं वर्षभर डॉक्टर रोजे टाळायला सांगतात. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत आजारी माणसाला सवलत आहे. कजा की फिदिया, हे मुफ्तीसाहेबांना विचारा. बायपासनंतर शीरखुर्मा, शरबत अशा गोड पदार्थांनी घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात.

रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपरिन डुकराच्या आतड्यापासून बनतं. काही कॅप्सूलचं जिलेटिनही हराम स्रोतातलं असू शकतं. डॉक्टरांना आधीच सांगितलं तर फोंडापॅरिनक्ससारखं कृत्रिम औषध किंवा गोळ्यांचा पर्याय चालेल का ते पाहता येतं. ऐनवेळी मात्र जीव वाचवणारं इंजेक्शन नाकारू नका. अनेक उलेमा आजाराच्या इलाजासाठी केलेलं ऑपरेशन आणि फक्त दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन यांत फरक करतात. शंका असेल तर रिपोर्ट घेऊन विचारायला जा.

मुलीचं स्थळ जमावं म्हणून घाईने ऑपरेशन करू नका. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी लागते आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. ही गोष्ट दोन्ही घरांना ठाऊक असली पाहिजे. आणि निर्णय मुलीचा स्वतःचा हवा.

गावी परतल्यावर

खरी परीक्षा इथे आहे. ऑपरेशन मुंबई, पुणे किंवा नाशिकला होईल, पण राहायचं यावल, शिरपूर किंवा अमळनेरला. म्हणून आधीच ठरवा :

- तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी रक्त तपासायचं : बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. गोळ्या आयुष्यभर.
- ऑपरेशनचा प्रकार लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड कायम जवळ ठेवायचं. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रात्री जावं लागलं तर ते पहिल्यांदा दाखवायचं.
- ताप, जोराची धडधड, पोटात कळ, दम लागणं, पाय सुजणं किंवा न थांबणारी उलटी : थांबायचं नाही, लगेच रुग्णालय गाठायचं.
- दुखलं म्हणून मेडिकलमधून आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही. तंबाखू, बिडी, सिगारेट बंद.
- जेवणात आधी अंडी, मासे, चिकन, डाळ, मग भाजी, शेवटी भाकरी. शेवभाजीची तर्री आणि बिर्याणीचं ताट आता मागे पडेल, हे घरातल्या स्वयंपाक करणाऱ्यांनीही मान्य करायला हवं.

या पाच गोष्टींची जबाबदारी घरातलं कोण घेणार, हे ठरल्यावरच तारीख घ्या. ठरत नसेल तर थोडं थांबा आणि तोवर आहार, चालणं, औषधं सुरू ठेवा. अल्लाह सर्व आजारी बंधू-भगिनींना शिफा देवो. आमीन.