आखाडा आणि निवेदन : खाशाबा जाधव यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने

दक्षिण महाराष्ट्रातील मल्लविद्येचा इतिहास लिहिताना संस्थानिकांचा आश्रय व तालमींची परंपरा यांवर भर देण्याचा प्रघात आहे. तो अयोग्य नव्हे; परंतु मल्लाच्या वतीने बोलणारा कोण, हा प्रश्न त्यात सहसा उपस्थित होत नाही. खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६–१९८४) यांच्या कारकिर्दीत तो पदोपदी डोकावतो.

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडनजीक असलेले गोळेश्वर हे त्यांचे गाव. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. मातीवरील कुस्ती चितपट होईतो चालावयाची. निकाल सर्वांस उघड दिसे. गादीवर मात्र वेळेची मर्यादा आणि गुणांचा हिशेब. ढाकेसारख्या डावावर भिस्त असलेल्या या चपळ मल्लास नुसती जमीन बदलून चालणारे नव्हते. आपली कुस्ती पंचाच्या नजरेने पाहण्याची सवय त्यास लावून घ्यावी लागली.

१९५२ साली तर निवडीपासूनच वाद उद्भवला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्यावर अन्याय झाला, अशी तक्रार खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे स्वतःच नेली आणि फेरचाचणीत निरंजन दास यांस पाडले. प्रवासखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. हेलसिंकीत ५७ किलो गटात जपानचे इशी व सोव्हिएत संघाचे ममेदबेकोव्ह यांच्यामागे त्यांना कांस्यपदक मिळाले. इशींशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर, नियमाप्रमाणे अर्धा तास विश्रांती मिळावयास हवी असता, त्यांना लगेच पुन्हा उतरविण्यात आले व हरकत घेण्यास एकही भारतीय अधिकारी तेथे नव्हता, असे सांगितले जाते. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडला १५१ बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले.

पाश्चात्त्य मुष्टियुद्धात निवृत्त विजेत्यास दुसरी कारकीर्द लाभते ती समालोचकाची. प्रतिस्पर्ध्यास दमदाटीने मागे रेटणारा जॉर्ज फोरमन दूरचित्रवाणीवर इतरांच्या लढती समजावून सांगू लागला, हे प्रसिद्धच आहे. आपल्याकडील निवेदक मैदानातच असतो. हलगीच्या कडकडाटात मल्लाचे गाव, वस्ताद, तालीम व चाललेला डाव तो ध्वनिक्षेपकावरून सांगतो. त्यावाचून मागच्या रांगेतील शेतकऱ्यास पकडीतला बारकावा कळणे कठीणच. दक्षिण साताऱ्यात (१९४९ साली वेगळा झालेला हा जिल्हा १९६० पासून सांगली म्हणून ओळखला जातो) ही प्रथा आजही जोमात आहे. कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत मुक्त शैलीत सुवर्ण व ग्रीको-रोमनमध्ये रौप्यपदक मिळविले आणि पुढे ते हिंद केसरी झाले. सांगलीकडील मैदानांत त्यांचे नाव पिढ्यान्‌पिढ्या घेतले जाते, यात अशा निवेदनाचा वाटा मोठा असावा.

खाशाबांचा पराक्रम गादीवरचा, परदेशातला, हलगी न वाजलेला. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८४ साली अपघातात ते निवर्तले. पुढील वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९९६ साली लिअँडर पेस यांना मिळाले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर, मरणोत्तर, आणि दिल्लीच्या कुस्तीगृहास त्यांचे नाव दिले गेले ते २०१० मध्ये.