मांजराचे ताट माणसाच्या हाती आले तेव्हा

१/१२
१९८० च्या दशकात अमेरिकेतील पशुवैद्यांसमोर एक कोडे होते. घरात लाडाने जपलेली, बाजारातले तयार अन्न रोज पोटभर खाणारी मांजरे हृदयाचे स्नायू निकामी होऊन मरत होती. उपासमार नव्हती, विषबाधा नव्हती. उत्तर त्यांच्या ताटातच होते. तेथवर पोहोचण्यासाठी मात्र बरेच मागे जावे लागते.

२/१२
सायप्रस बेटावरील शिलुरोकाम्बोस येथे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या दफनात माणसाशेजारी मांजराचा सांगाडा सापडला. हा प्राणी त्या बेटाचा मूळ रहिवासी नव्हे. कुणीतरी त्याला नावेतून आणले होते. पश्चिम आशियात शेती रुजली, धान्य साठू लागले. धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर.

३/१२
गाय, घोडा, कुत्रा यांचे खाणे आणि पैदास माणसाने लवकरच हाती घेतली. मांजराचे तसे झाले नाही. प्राचीन इजिप्तमध्ये बास्तेत देवीला वाहण्यासाठी मांजरे वाढवली जात, हा ठळक अपवाद. एरवी ते शिकार स्वतः करी, जोडीदारही स्वतः निवडी. म्हणून त्याचे शरीर हजारो वर्षे शिकाऱ्याचेच राहिले.

४/१२
१९ व्या शतकातील लंडनमध्ये चित्र बदलू लागले. घोड्याच्या मांसाचे उकडलेले तुकडे काडीला टोचून घरोघरी विकणारे फेरीवाले तेथे होते. ‘कॅट्स मीट मॅन’ हेच त्यांचे नाव. हेन्री मेह्यू यांनी लंडनच्या श्रमिकांवरील ग्रंथात त्यांची नोंद केली आहे. मांजराचे अन्न विकत घेण्याची सवय शहराला लागली. पण ते अन्न अजून निखळ मांस होते.

५/१२
अन्नापाठोपाठ पैदास. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर यांनी मांजरांचे मोठे प्रदर्शन भरवले. उपेक्षित मांजराला मान मिळावा, हा त्यांचा हेतू. मात्र प्रदर्शन आले की बक्षीस येते, बक्षिसासाठी निकष लागतात आणि निकषांसाठी वंशावळ. १८८७ मध्ये ‘नॅशनल कॅट क्लब’ स्थापन झाला. वीअर त्याचे पहिले अध्यक्ष.

६/१२
निकषांची किंमत प्राण्याने मोजली. १९६१ मध्ये स्कॉटलंडमधील एका शेतावर दुमडलेल्या कानांची भाटी आढळली. तिच्यापासून ‘स्कॉटिश फोल्ड’ ही जात घडवली गेली. परंतु कानाची कूर्चा दुमडणारे जनुक साऱ्या शरीरातील कूर्चा आणि हाडे बिघडवते. सांधे आयुष्यभर दुखतात. ब्रिटनमधील प्रमुख नोंदणी संस्थेने १९७० च्या दशकातच या जातीची नोंदणी थांबवली. अन्यत्र तिची विक्री चालूच राहिली.

७/१२
तरीही बहुतेक मांजरे बाहेर हिंडत होती, कारण विधीसाठी घरात वाळू किंवा राखेवाचून सोय नव्हती. १९४७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात एड लो यांनी शेजारणीला मुलतानी मातीसारख्या शोषक मातीचे दाणे वापरायला दिले. त्यातूनच ‘किटी लिटर’चा धंदा उभा राहिला. आता मांजर जन्मभर उंबऱ्याआत राहू शकत होते. शिकार मात्र सुटली.

८/१२
प्रजननाचा प्रश्नही तातडीचा झाला. भाटी साधारण दोन महिन्यांत विते आणि वर्षातून अनेकदा विऊ शकते. नको असलेली पिल्ले पाण्यात बुडवणे हा युरोपातील जुना उपाय. भाटीच्या निर्बीजीकरणासाठी पोट उघडावे लागते. भूल देण्याचे तंत्र सुधारल्यावरच ते रुळले. १९७१ मध्ये लॉस एंजेलिस शहराने सार्वजनिक खर्चाने अल्पदरातील निर्बीजीकरण केंद्र उघडले.

९/१२
आता पहिल्या कोड्याकडे. ‘टॉरीन’ हे द्रव्य १८२७ मध्ये बैलाच्या पित्तातून वेगळे केले गेले. त्याचे नावही बैलाच्या लॅटिन नावावरून पडले. बहुतेक सस्तन प्राणी ते शरीरात पुरेसे तयार करतात. मांजर करू शकत नाही. त्याला कधी गरजच पडली नव्हती, कारण प्रत्येक उंदरात ते भरपूर असते.

१०/१२
टॉरीनअभावी मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये सिद्ध झाले. १९८७ मध्ये पॉल पायन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा दुवा शोधला. तयार अन्नात टॉरीन होते, पण पुरेसे मानलेले प्रमाणच अपुरे निघाले. ते वाढवून देताच दुबळी हृदये सावरू लागली. कंपन्यांनी प्रमाण वाढवले आणि हा आजार दुर्मीळ झाला.

११/१२
मराठी घरांशी या इतिहासाचा थेट संबंध आहे. दूधभात, दूधपोळी खाणारी मांजरे येथे पिढ्यान्‌पिढ्या जगली. पण ती दूधभातावर जगली नाहीत. माळ्यावरचे उंदीर, भिंतीवरच्या पाली, कोकणात माशांची डोकी यांनी त्यांचे खरे पोषण केले. दूधभात हा वरचा घास होता. सातव्या मजल्यावरच्या, खिडक्यांना जाळी लावलेल्या घरात तोच एकमेव घास होतो, तेव्हा जुनी परंपरा घातक ठरते. दूध तर अनेक प्रौढ मांजरांना पचतही नाही.

१२/१२
अन्न, जोडीदार, पिल्ले: मांजर हजारो वर्षे हे तिन्ही निर्णय स्वतः घेत होते. अवघ्या दीडशे वर्षांत ते माणसाने घेतले. निर्बीजीकरणाने पिल्लांचे हाल टळले, हौशी पैदाशीने नवे हाल निर्माण केले आणि अपुऱ्या ज्ञानाने भरलेल्या ताटाने जीव घेतले. दार बंद करणाऱ्याला दारापलीकडे मांजर काय खात होते, हे ठाऊक असावे लागते.